सहा एस्कुदोंचा एक रुपया
(बपेरा, ता. तुमसर, जि. भंडारा येथील बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही कापसाच्या भावाबद्दल बोलणार नाही. ज्या पैशात तो भाव मोजतात त्या पैशाबद्दल बोलणार आहोत. क्विंटल म्हणजे शंभर किलो. काट्यात मारणारा व्यापारी असतो, पण त्याला पकडता येते, चार जणांत उभे करता येते. रुपया हेही मापच आहे. ते माप मात्र आपल्या गावात ठरत नाही, आणि ते लहान झाले की मोठे झाले हे आपल्याला पुष्कळ उशिरा कळते.

बपेरा हे धानवाल्यांचे गाव. आज इथे कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले कास्तकारही आले आहेत. इथून मध्य प्रदेशची हद्द जवळ आहे. हद्दीच्या अलीकडे आणि पलीकडे रुपया एकच चालतो, म्हणून आपल्याला त्याचे काही वाटत नाही. पण आपल्याच देशात, आपल्याच मराठी-कोकणी बोलणाऱ्या माणसांच्या मुलखात, हद्द ओलांडली की पैसा बदलत होता, आणि ही गोष्ट फार जुनी नाही. तो मुलूख म्हणजे गोवा. तिथे चालणारा शेवटचा परका पैसा म्हणजे पोर्तुगालचा एस्कुदो. पोर्तुगाल हा युरोपच्या एका कोपऱ्यातला लहानसा देश. त्याच्या या नाण्याची गोष्ट आम्ही सांगतो. तुम्ही ऐकताना आपला हिशेब मनात जुळवत चला.

एका तोळ्याचा रुपया

१५१० साली आल्बुकर्कने गोवा घेतले आणि लगेच टाकसाळ घातली. राज्य घेतले की आधी नाणे पाडायचे, हा सगळ्याच राजांचा रिवाज. पुढे साडेतीनशे वर्षे गोव्यात शेराफी, तंगा, रैस अशी नाणी चालली. घाटावर कंपनीचा रुपया, संस्थानिकांचे रुपये, आणि गोव्यात पोर्तुगिजांची नाणी. प्रत्येकाचे वजन वेगळे, चांदीचा कस वेगळा. माल विकून नाणे हातात आले की सराफाकडे जायचे, तो नाणे वाजवून पाहणार आणि बट्टा कापून घेणार. "नावाला बट्टा लागला" असे आपण म्हणतो, तो शब्द या धंद्यातला आहे. शेतकऱ्याचा माल एकदा अडत्याच्या हातून कापला जायचा, आणि मालाचा पैसा पुन्हा सराफाच्या हातून.

२६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. गोव्याच्या मिठाचा मक्ता इंग्रजांनी घेतला, त्याबद्दल वर्षाला चार लाख रुपये गोवा सरकारला द्यायचे ठरले. मुरगावच्या रेल्वेचे ठरले. आणि गोव्याचे चांदीचे नाणे इंग्रजी रुपयाच्या वजनाचे व कसाचे पाडायचे ठरले. इंग्रजी रुपयाचे वजन होते बरोबर एक तोळा. १८८१ पासून गोव्याचा 'रुपिया' त्याच मापाने पडला, तोही इंग्रजांच्या टाकसाळीत. वर पोर्तुगालच्या राजाचा मुखडा, आत चांदी तेवढीच. सोळा तंग्यांचा एक रुपिया, जसा आपला सोळा आण्यांचा रुपया. करार पुढे १८९२ मध्ये संपला, पण रुपिया रुपयाबरोबर चालत राहिला. मिठागरवाल्याचे मीठ गेले ते गेलेच, पण पैशापुरता बट्टा मिटला.

असा बट्टा आपल्याकडेही होता. पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाडात इंग्रजांचा कळदार रुपया, पलीकडे निजामाचा हाली सिक्का. सात हाली दिले की सहा कळदार. नदी ओलांडून माल विकणाऱ्या मराठवाड्याच्या कास्तकाराला ज्वारीचा भाव आणि नाण्याचा भाव असे दोन भाव पाठ ठेवावे लागत. हाली सिक्का शेवटी १९५९ मध्ये बंद झाला.

लिस्बनचा एस्कुदो

आता पोर्तुगालकडे वळू. ५ ऑक्टोबर १९१० रोजी तिथली राजेशाही गेली. नव्या सरकारने २२ मे १९११ रोजी नवे चलन आणले: एस्कुदो. शब्दाचा अर्थ ढाल. जुने एक हजार रैस म्हणजे एक एस्कुदो, आणि एका एस्कुदोचे शंभर सेंटाव्ह.

नाव ढाल, पण ती लवकरच फुटली. सोन्याच्या ठरलेल्या मापाने साडेचार एस्कुदोला एक इंग्रजी पौंड पडे. पहिले महायुद्ध आले, सरकारचा खर्च वाढला, वसूल कमी पडला. सरकारपुढे सोपा रस्ता होता, नोटा छापायच्या. १९२४ पर्यंत एका पौंडाला शंभरावर एस्कुदो मोजावे लागत होते. ज्याने धान्य भरून ठेवले तो वाचला. ज्याने नोटा पेटीत ठेवल्या त्याची पेटी भरलेली राहिली आणि घर रिकामे झाले. १९२८ मध्ये सालाझार हा प्राध्यापक अर्थमंत्री झाला. १९३१ मध्ये ११० एस्कुदोला एक पौंड असे माप बांधले गेले. चोरी थांबली, पण गेलेले कोणाला परत मिळाले नाही. आणि हाच सालाझार पुढे देशाचा हुकूमशहा झाला.

या काळात गोव्याच्या माणसाच्या हातात एस्कुदो नव्हता, रुपिया होता, आणि तो आपल्या रुपयाला बांधलेला होता. म्हणून मालक देशाचा पैसा बुडाला तरी गुलाम मुलखाचा पैसा टिकला. राज्य कोणाचे आणि पैसा कोणाला बांधलेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात ठेवा.

खोटी ऑर्डर, खऱ्या नोटा

१९२५ सालचा एक किस्सा सांगण्यासारखा आहे. आल्वेस रैस नावाच्या एका लबाड माणसाने पोर्तुगालच्या मुख्य बँकेच्या नावाने खोटे कागद केले आणि लंडनच्या वॉटरलो या छापखान्याला नोटांची ऑर्डर दिली. हाच छापखाना त्या बँकेच्या खऱ्या नोटा छापत असे. ५०० एस्कुदोच्या दोन लाख नोटा छापून आल्या. नोटेवर चित्र वास्को द गामाचे. दहा कोटी एस्कुदो! त्या पैशावर या गृहस्थाने स्वतःची बँक काढली. कागद खरा, शाई खरी, ठसे खरे. खोटी होती फक्त ऑर्डर. डिसेंबर १९२५ मध्ये भांडे फुटले. १९३० मध्ये त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली, आणि छापखान्यावरचा दावा लंडनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

आता आम्ही तुम्हाला विचारतो. आल्वेस रैसने दहा कोटींच्या नोटा छापल्या तर तो गुन्हा. त्याच्या आधीच्या दहा वर्षांत सरकारने आपल्या गरजेसाठी त्याच्या कितीतरी पट छापल्या, तो राज्यकारभार. ज्याच्या पेटीतल्या नोटेची किंमत उतरली, त्याला या दोन्हींत काय फरक पडला?

१ जानेवारी १९५९

१९४७ मध्ये आपण मोकळे झालो, गोवा झाले नाही. १९५१ मध्ये सालाझारने कागदावर गोव्याला वसाहतीऐवजी 'सागरापारचा प्रांत' केले. गोव्यातले लोक आणि इकडून गेलेले सत्याग्रही तुरुंगात जात होते. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात गोळ्या चालल्या. भारत सरकारने नाकेबंदी केली. गोव्याची लोखंडाची माती जपानकडे जात होती, तिचा पैसा परकी चलनात येत होता. मग लिस्बनने ठरवले की गोव्याची भारताच्या रुपयाशी असलेली गाठ तोडायची. १९५८ मध्ये हुकूम निघाला आणि १ जानेवारी १९५९ पासून रुपियाच्या जागी एस्कुदो आला. भाव ठरला एका रुपियाला सहा एस्कुदो.

हा सहाचा आकडा कुठून आला? त्या वेळी एका डॉलरला २८.७५ एस्कुदो पडत आणि ४.७६ रुपये पडत. भागाकार करा, सहाच्या किंचित वर उत्तर येते. म्हणजे अदलाबदलीत त्या दिवशी लूट नव्हती. पण दुसरा हिशेब करून पाहा. १९११ मध्ये, सोन्याच्या मापाने, पौंडाला साडेचार एस्कुदो आणि पंधरा रुपये. म्हणजे एका एस्कुदोला सव्वातीन रुपयांहून जास्त. अठ्ठेचाळीस वर्षांनी सहा एस्कुदोला एक रुपया. रुपयाच्या मापाने एस्कुदो वीस पटीने उतरला होता.

नोटा-नाणीही या सहाच्या पाढ्यावर काढली होती. नाणी दहा, तीस आणि साठ सेंटाव्हची, आणि एक, तीन व सहा एस्कुदोंची. नोटा ३०, ६०, १००, ३००, ६०० आणि १००० च्या. तीन म्हणजे आठ आणे, सहा म्हणजे रुपया, साठ म्हणजे दहा रुपये. बाजारातली बाई रुपयातच विचार करते, हे लिस्बनला माहीत होते. तरी चिल्लर नडतेच. एक तंग्याची वस्तू साडेसदतीस सेंटाव्हची होते. नाणी तर दहाची आणि तीसची. मग दुकानदार तीस घेईल की चाळीस, हे आम्ही सांगायला नको. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ रोजी नये पैसे आले तेव्हा सव्वासहा पैशांचा आणा सहा पैशांना धरला गेला. मोठा हिशेब कागदावर जुळतो, पण चिल्लरचा हिशेब नेहमी गरिबाच्या हातात फाटतो.

गहाणाचे सोने

हा पैसा गोव्यात तीन वर्षेही टिकला नाही. १८ आणि १९ डिसेंबर १९६१ ला भारतीय फौजा गोव्यात शिरल्या आणि साडेचारशे वर्षांचे राज्य दोन दिवसांत संपले. एस्कुदो गेला, रुपया आला.

पण फौजा येण्याआधी एक गोष्ट घडून गेली होती. गोव्यात नोटा काढण्याचा हक्क बांको नासिओनाल उल्त्रामारीनो या एकाच बँकेला होता. १८६४ मध्ये लिस्बनला स्थापन झालेली ही बँक सोने गहाण ठेवून कर्जही देत असे. लग्नासाठी, आजारपणासाठी, पेरणीसाठी गोव्याच्या बायाबापड्यांनी पाटल्या, बांगड्या, मंगळसूत्रे तिथे ठेवली होती. १९६१ मध्ये राज्य जाण्याची चिन्हे दिसताच बँकेने हे सोने जहाजाने लिस्बनला हलवले. फौज जिंकली, झेंडा बदलला, आणि कर्जदाराचे दागिने समुद्रापार गेले.

पोर्तुगाल आणि भारत यांचे संबंधच तुटले होते. तिथे क्रांती होऊन सरकार बदलले, तेव्हा कुठे ३१ डिसेंबर १९७४ रोजी करार झाला आणि गोवा भारताचे हे त्यांनी मान्य केले. तरीही दागिने लगेच आले नाहीत. ते परत आले १९९१ साली. तीस वर्षे! ज्या मुलीच्या लग्नासाठी आईने पाटली गहाण ठेवली असेल, त्या मुलीला तोवर नातवंडे झाली असतील.

यात शिकण्याजोगी गोष्ट अशी की सोने जसे गेले तसे वजनाने परत आले. तोळ्याचा तोळाच राहिला. त्याच तीस वर्षांत एस्कुदो डॉलरला २८.७५ वरून १४० च्या पुढे गेला होता. कोणी नोटा जपून ठेवल्या असत्या तर त्यांची किंमत पाचव्या हिश्शावर आली असती. आपल्या आयाबहिणी चार पैसे हातात आले की सोन्याचा मणी करतात, तेव्हा शहाणी माणसे हसतात. त्या शहाण्यांनी हा हिशेब करून पाहावा.

आणि ती बँक? २००१ मध्ये पोर्तुगालच्या सरकारी बँकेत विलीन झाली.

ढाल गेली, पुढे काय?

पोर्तुगालात एस्कुदो आणखी चाळीस वर्षे चालला. १९७४ च्या क्रांतीनंतर वसाहती गेल्या, माल महागला. १९७७ पासून सरकारने एस्कुदो दर महिन्याला ठरवून थोडा थोडा उतरवायचे धोरण घेतले. बाहेर माल विकणाऱ्याला त्याचा फायदा झाला, कारण डॉलरचे एस्कुदो जास्त होऊ लागले. पगारावर आणि शिलकीवर जगणारा मात्र भरडला गेला. १९८४ च्या सुमारास महागाई वर्षाला २५ टक्क्यांच्या पुढे होती.

१९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपच्या सामाईक बाजारात गेला. १ जानेवारी १९९९ पासून २००.४८२ एस्कुदो बरोबर एक युरो असा भाव कायमचा ठरला, आणि १ जानेवारी २००२ पासून युरोच्या नोटा हातात आल्या. आता पोर्तुगालच्या हातात नोटा छापायची किल्ली राहिली नाही. किंमत उतरवण्याची चोरी थांबली, हे खरे. पण २०११ मध्ये देश कर्जात बुडाला तेव्हा चलन उतरवून माल स्वस्त करण्याचा रस्ताही बंद होता. ७८ अब्ज युरोची मदत घ्यावी लागली आणि तिच्या अटींखाली पगार-पेन्शन कापावे लागले. किल्ली राजाच्या हातात असली तरी भीती, दुसऱ्याच्या हातात असली तरी भीती.

एक गोष्ट मात्र त्यांनी नीट केली. युरो येणार हे तीन वर्षे आधी सांगितले. जुन्या-नव्या नोटा दोन महिने बरोबर चालू दिल्या. आणि एस्कुदोची जुनी नोट बदलून द्यायला मुख्य बँकेने वीस वर्षे खिडकी उघडी ठेवली, २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत.

आपला हिशेब

आता आपल्याकडे पाहा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री आठ वाजता सांगितले की बारा वाजल्यापासून पाचशे आणि हजारच्या नोटा बंद. चलनातल्या पैशाचा ८६ टक्के भाग त्या दोन नोटांत होता. मुदत ३० डिसेंबरपर्यंत. वीस वर्षे नव्हे, पन्नास-बावन्न दिवस. दिवस कोणते? कापूस वेचणीचे आणि धान कापणीचे. शिवाय १४ नोव्हेंबरला जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घ्यायची मनाई झाली. शेतकऱ्याचे खाते याच बँकेत. वेचणाऱ्या बायांना मजुरी द्यायला सुटे पैसे नाहीत आणि व्यापारी जुनी नोट पुढे करून भाव पाडतो, हे तुम्ही आपल्या अंगणात पाहिले आहे.

दुसरा हिशेब रुपयाच्या भावाचा. ६ जून १९६६ रोजी डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपये झाला. जुलै १९९१ मध्ये रुपया पुन्हा उतरवला. २०२४ मध्ये डॉलर ८३ रुपयांच्या वर होता. रुईचा भाव जगात डॉलरमध्ये बोलला जातो. शंभर डॉलरची रुई १९६६ च्या जूनच्या आधी ४७६ रुपयांची, नंतर ७५० रुपयांची. सरकारने रुपया कृत्रिमरीत्या महाग धरून ठेवला, की बाहेर विकल्या जाणाऱ्या मालाचा भाव इथे आपोआप पडतो. कोणी पावती फाडत नाही, कोणी जप्ती आणत नाही, तरी वसुली होते. पण उलट बाजूही सांगितली पाहिजे. रुपया उतरला की डिझेल, खत, औषध महाग होते. महागलेल्या खताचा बोजा शेतकऱ्यावर आणि वाढलेल्या रुईच्या भावावर निर्यातबंदीचे कुलूप, असे झाले की उतरलेला रुपयाही आपल्याला फळत नाही. म्हणून रुपया चढला की उतरला एवढेच विचारू नका. चढला तेव्हा आपल्याकडून काय गेले आणि उतरला तेव्हा आपल्यापर्यंत काय आले, असे दोन्ही विचारा.

जाण्यापूर्वी

भावांनो, गोव्याच्या या गोष्टीतून तीन कामे घरी घेऊन जा.

पहिले काम घरचे. सोने गहाण ठेवाल तिथे वजन, कस आणि तारीख लिहिलेली, सहीशिक्क्याची पावती घ्या आणि ती दागिन्यासारखी जपा. बँक कोणाची आहे, ती उद्या बंद झाली किंवा दुसरीत गेली तर दागिना कोण देणार, हे कर्ज घेण्याआधी विचारा. तीस वर्षांनी मागायची वेळ आली तर हातात कागद हवा.

दुसरे काम बाजारातले. शिल्लक एकाच रूपात ठेवू नका. नोट हा कोणीतरी दिलेला शब्द आहे. शब्द देणारा बदलला की शब्दाची किंमत बदलते. थोडे धान्य, थोडे खात्यात, थोडे जमिनीच्या सुधारणेत. विहीर खोल केली तर तिचे पाणी कोणी रात्री आठ वाजता रद्द करू शकत नाही.

तिसरे काम सगळ्यांचे. जिल्हा बैठकीपुढे आम्ही हा ठराव मांडतो: यापुढे कोणतीही नोट चलनातून काढायची असेल तर ती पेरणीच्या आणि काढणीच्या महिन्यांत काढू नये, जिल्हा बँकेत आणि गावच्या पोस्टात ती बदलून मिळावी, आणि बदलण्याची मुदत दिवसांत नव्हे, वर्षांत असावी. हे मागणे अवास्तव नाही. पोर्तुगालसारख्या लहान देशाने आपल्या मोडीत निघालेल्या नोटेला वीस वर्षे मान दिला. आपल्या घामाची नोट तेवढा मान मागते आहे.

ठराव पटत असेल तर हात वर करा. पटत नसेल तर इथेच उभे राहून विरोध करा. पण गावी गेल्यावर पहिल्या कामाला लागा. उद्या सकाळी पेटी उघडा आणि गहाणाची पावती आहे की नाही ते बघा.